नाताळच्या गर्दीत नऊ जणांची सहल : नाशिकच्या एका कुटुंबाचे प्रकरण

डिसेंबर २०२५ मध्ये नाशिकच्या एका कुटुंबाने खोपोलीजवळच्या इमॅजिका या मनोरंजन उद्यानाची सहल आखली आणि पार पाडली. तिची ही नोंद कुटुंबाच्या संमतीने लिहिली असून ओळख पटेल असे तपशील वगळले किंवा बदलले आहेत. सहल फसली नाही, आणि सगळे ठरवल्याप्रमाणे झाले असेही नाही. मधल्या टप्प्यांवर कोणत्या माहितीच्या आधारे काय ठरले आणि ती माहिती हाती येण्यास कोठे उशीर झाला, हे पाहणे हा या लेखनाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी

कुटुंबात दोन भाऊ आहेत. थोरला दिंडोरी तालुक्यातील गावी राहून द्राक्षबाग पाहतो, धाकटा अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात अभियंता असून पाथर्डी फाट्याच्या बाजूला राहतो. अडुसष्ट वर्षांच्या आई थोरल्याकडे असतात. त्यांचे गुडघे दुखतात. सपाट जागेवर त्या सावकाश चालतात, पण अर्ध्या तासापेक्षा जास्त उभे राहणे त्यांना जमत नाही. थोरल्याला चौदा वर्षांची मुलगी आणि अकरा वर्षांचा मुलगा, तर धाकट्याला आठ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा आहे. एकूण पाच मोठी माणसे आणि चार मुले.

सहलीचा विषय भाऊबिजेच्या दिवशी, म्हणजे २३ ऑक्टोबरला निघाला. चारही मुलांना घेऊन कोठेतरी जायचे, तेही नाताळच्या सुट्टीत, एवढे त्या दिवशी सर्वांनी मान्य केले. ठिकाण, दिवस आणि खर्च यांबद्दल मात्र कोणी काही विचारले नाही. थोरल्या भावाच्या डोक्यात त्याच्या शाळेच्या सहलीत पाहिलेले गोराईचे एस्सेलवर्ल्ड होते. १९८९ साली सुरू झालेले ते उद्यान २०२२ मध्ये बंद झाल्याचे त्याला त्याच्या मुलीने सांगितले. पुढचे तीन आठवडे हा विषय कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर चित्रफिती पाठवण्यापलीकडे गेला नाही.

नोव्हेंबरच्या मध्यास धाकट्या जावेने आखणी हाती घेतली. त्या घरी शिकवण्या घेतात आणि वेळापत्रक मांडण्याची त्यांना सवय आहे. त्यांनी वहीत पहिल्यांदा ठिकाणांची यादी केली आणि प्रत्येक ठिकाणापुढे खर्च लिहायला घेतला. ही यादी दोन दिवसांत निरुपयोगी ठरली, कारण खर्च तारखेवर अवलंबून होता आणि तारीख कोणालाच ठाऊक नव्हती.

खरी अडचण

वरवर पाहता अडचण गर्दीची होती. प्रत्यक्षात ती अशी होती की नऊ जणांची “सुट्टी” एकच नव्हती.

धाकट्याच्या मुलीची शाळा केंद्रीय मंडळाची असून तिला नाताळात आठवडाभर सुट्टी होती. थोरल्याची मुले राज्य मंडळाच्या मराठी शाळेत आहेत. अशा शाळांची मोठी सुट्टी दिवाळीत होऊन जाते आणि नाताळला बहुधा एकच दिवस मिळतो. २५ डिसेंबर गुरुवारी येत असल्याने शुक्रवारी रजा टाकली की चार दिवस सलग मिळतात, हे मोठ्यांच्या लगेच लक्षात आले. पण नेमक्या त्याच शुक्रवारी आणि शनिवारी थोरल्या मुलीच्या शाळेचे स्नेहसंमेलन होते आणि ती समूहनृत्यात होती. ही गोष्ट मुलीने आईला सांगितली होती, परंतु सहलीच्या चर्चेत ती कोणी आणली नव्हती. धाकट्या भावाच्या कारखान्यात २६ डिसेंबर ते १ जानेवारी ब्लॉक क्लोजर, म्हणजे सर्वांसाठी कारखानाच सलग बंद, होते. एवढे दिवस त्याला रजा न मागता मोकळे मिळत होते.

थोरल्या भावाचा प्रश्न सर्वांत अवघड होता. ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची छाटणी) झालेल्या बागेत डिसेंबरअखेर मणी फुगत असतात. निफाड-दिंडोरी पट्ट्यात याच दिवसांत कडाक्याची थंडी पडते. पारा फार उतरला की मण्यांची फुगवण थांबते, आणि ज्या बागा पक्वतेकडे गेलेल्या असतात त्यांत मणी तडकण्याची भीती असते. मग पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करणे, ठिबक चालवून जमिनीतली ऊब टिकवणे ही कामे करावी लागतात. ती गड्यावर पूर्ण सोपवता येतात की नाही, हे ज्याची बाग आहे त्यालाच ठरवता येते. त्याचा निर्णय हवामानाच्या अंदाजावर होता आणि तो अंदाज फार तर चार-पाच दिवस आधी भरवशाचा असतो. वाहन, मुक्काम आणि तिकिटे मात्र महिनाभर आधी ठरवायची होती.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीचा. १९९६ साली उभी राहिलेली ही चित्रनगरी दोन दिवस पाहण्याजोगी आहे आणि बसमधून बराच भाग दाखवला जात असल्याने आजींनाही सोयीची होती. पण १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण एकशेवीस दिवसांऐवजी साठ दिवस आधी सुरू होते. म्हणजे २५ डिसेंबरच्या गाडीचे आरक्षण २६ ऑक्टोबरला, भाऊबिजेनंतर तिसऱ्या दिवशी खुले झाले होते. नोव्हेंबरच्या मध्यास पाहिले तेव्हा नाशिकरोडहून सिकंदराबादला जाणाऱ्या देवगिरी एक्स्प्रेसची प्रतीक्षायादी नऊ जणांनी भरवसा ठेवावा अशी राहिलेली नव्हती. तत्काळवर नऊ जागा मिळतील असे धरून चालणे धाडसाचे होते, आणि ओझरहून विमानाने जायचे तर भाड्यातच अंदाजपत्रक संपत होते.

दुसरा पर्याय शिर्डीचा, आणि तो थोरल्या जावेने मांडला. तेथे जलक्रीडा उद्यान आहे, अंतर दोन-अडीच तासांचे आहे, सकाळी जाऊन रात्री परत येता येते आणि आजींना साईबाबांचे दर्शनही घडते. खर्चाच्या दृष्टीने हा सर्वांत समंजस पर्याय होता. त्याविरुद्ध दोन गोष्टी होत्या. डिसेंबरच्या थंडीत चार वर्षांच्या मुलाला दिवसभर पाण्यात ठेवणे त्याच्या आईला मान्य नव्हते. शिवाय नाताळ ते नववर्ष हा शिर्डीतील गर्दीचा कळस असतो. ३१ डिसेंबरला तर मंदिर रात्रभर खुले ठेवावे लागते. एका गर्दीला कंटाळून दुसऱ्या गर्दीत जाण्यात अर्थ नव्हता.

तिसरा पर्याय इमॅजिकाचा. २०१३ साली सुरू झालेले हे उद्यान मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत, बोरघाटाच्या पायथ्याशी आहे. चारही मुलांना आपापल्या वयाचे काही ना काही तेथे मिळेल, आणि आजींना बसून पाहता येतील असे खेळ व कार्यक्रमही असतील, असा विचार होता. मुलांनी तर मनात हेच ठरवले होते.

चौथा पर्याय ठिकाणाचा नव्हता, तर काळाचा होता : सहल जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवार-बुधवारी करायची. गर्दी निम्म्याहून कमी, दर उतरलेले आणि मुक्कामाला हवी ती जागा. धाकट्या भावाने हा पर्याय दोनदा मांडला आणि दोनदा तो मागे पडला. मुलांना “नाताळच्या सुट्टीत” असा शब्द दिला होता, आणि जानेवारीत काही बागांची काढणी सुरू होते म्हणून थोरला भाऊ तेव्हा आणखीच अडकला असता. पहिले कारण भावनेचे होते, दुसरे वजनदार. चर्चेत मात्र पहिल्याचाच उल्लेख जास्त झाला. जानेवारीचा पर्याय जेवढा तपासायला हवा होता तेवढा तपासला गेला नाही, असे या नोंदी पाहताना वाटते.

पहिला निर्णय : तारीख

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी सगळे गावी जमले असता धाकट्या जावेने वहीचे नवे पान उघडले. या वेळी ठिकाणे बाजूला ठेवून त्यांनी २० डिसेंबर ते ४ जानेवारी हे दिवस आडवे आणि नऊ नावे उभी मांडली. ज्याला जो दिवस जमणार नाही तेथे फुली मारायची. स्नेहसंमेलनाची गोष्ट या तक्त्यामुळेच पुढे आली. फुल्या मारून झाल्यावर २९, ३० आणि ३१ डिसेंबर, म्हणजे सोमवार ते बुधवार, एवढेच दिवस उरले. थोरल्या भावाच्या नावापुढे त्या दिवसांवर फुली नव्हती, प्रश्नचिन्ह होते.

हे दिवसही सुट्टीचेच होते. उद्यान ओस पडलेले मिळेल अशी कोणाची कल्पना नव्हती. पण २५ ते २८ हे चार दिवस राज्य मंडळाच्या शाळा, कार्यालये आणि केंद्रीय मंडळाच्या शाळा या सर्वांना एकदम सोयीचे होते. २९ पासून त्यातले दोन गट कामावर आणि शाळेत परतत होते. उद्यानांची तिकिटे तारीख निवडून घ्यायची असतात आणि चढ्या मागणीच्या दिवसांचा दर जास्त दिसतो. शनिवार २७ आणि मंगळवार ३० यांच्या दरांतील फरकानेच कोणत्या दिवशी किती लोक अपेक्षित आहेत हे सांगून टाकले. गर्दीचा अंदाज बांधण्याचे यापेक्षा सोपे साधन सामान्य माणसाजवळ नाही.

किंमत एकच होती : थोरल्याच्या दोन्ही मुलांची तीन दिवस शाळा बुडणार होती. मुलगी नववीत होती. दहावीत असती तर निर्णय वेगळा झाला असता, असे तिच्या आईने स्पष्ट सांगितले. वर्गशिक्षकांना आधी चिठ्ठी देऊन हा प्रश्न मिटला.

दुसरा निर्णय : वाहन आणि वाट

धाकट्याकडे सात आसनी गाडी आहे, थोरल्याकडे छोटी. दोन गाड्या नेल्या तर भाड्याचा खर्च वाचतो, आणि सुरुवातीला तेच ठरले होते. परंतु दोन गाड्यांना दोन चालक लागतात आणि दुसरा चालक म्हणजे प्रश्नचिन्ह असलेला थोरला भाऊच. तो ऐनवेळी राहिला असता तर आठ जण एका गाडीत कोंबण्यापलीकडे काही हाती राहिले नसते. हा धागा धाकट्या भावाच्या लक्षात आला आणि त्याने टेम्पो ट्रॅव्हलरची चौकशी केली.

पहिल्या व्यावसायिकाने दिवसाला किमान तीनशे किलोमीटरचा दर सांगितला. तीन दिवसांचे नऊशे किलोमीटर होतात. प्रत्यक्ष जाणे-येणे त्याच्या निम्म्याच्या आसपास होते. दुसऱ्याने ठोक रक्कम सांगितली, चालकाचा मुक्काम भत्ता आणि टोल वेगळे. ठोक रक्कम स्वस्त पडली. डिसेंबरअखेर वाहनांना मागणी असते तेव्हा व्यावसायिक ठोक बोलायला नाखूश असतात. येथे दिवस सोमवार ते बुधवार असल्याने आणि ३१ च्या संध्याकाळी गाडी मोकळी मिळणार असल्याने तो तयार झाला. तारखेचा निर्णय असा दुसऱ्यांदा उपयोगी पडला.

वाटेबद्दल तीन मते होती. सिन्नर, संगमनेर, चाकण, तळेगावमार्गे जाणे चालकाच्या सवयीचे होते, पण त्यात चाकणची कोंडी आणि वर लोणावळ्याहून बोरघाट उतरणे, दोन्ही येत होते. कसारा उतरून भिवंडी, मुंब्रा, कळंबोलीमार्गे द्रुतगती मार्ग गाठणे म्हणजे मुंबईच्या वेशीवरची अवजड वाहतूक अंगावर घेणे. तिसरी वाट निवडली गेली : इगतपुरीला समृद्धी महामार्गावर चढायचे, शहापूरजवळ उतरायचे आणि मुरबाड, कर्जतमार्गे खोपोली गाठायची. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यामुळे सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून कसारा घाट टाळता येतो. मुरबाड-कर्जत रस्ता मात्र अंधारात नऊ जणांना घेऊन जावे असा वाटला नाही, म्हणून प्रवास दिवसाच करायचा अशी अट घातली. त्यामुळे एक दिवसाची सहल बाद झाली आणि दोन रात्रींचा मुक्काम ठरला. उद्यान पायथ्याशी असल्याने घाट चढण्याची गरज नव्हती, आणि ३१ ला मुंबईकडून लोणावळ्याकडे निघणारा लोंढा परतीच्या वाटेवर आडवा येणार नव्हता.

मुक्काम खोपोली-कर्जत भागातील एका घरगुती निवासस्थानी घेतला. स्वयंपाकघर वापरता येईल का, हे विचारून घेतले होते. त्या वेळी ही विचारणा केवळ चार वर्षांच्या मुलाच्या दुधासाठी होती.

तिसरा निर्णय : कोणाला काय झेपेल

तिकिटे घेण्याआधी धाकट्या जावेने मुलांची उंची दाराच्या चौकटीशी मोजली. मोठ्या रोलर कोस्टरला वयाची नव्हे, उंचीची अट असते. सुरक्षा-पट्टा शरीरावर नीट बसावा यासाठी ती असते आणि तिच्यात सवलत मागण्यात अर्थ नसतो. नायट्रो या तेथील सर्वांत मोठ्या कोस्टरसारख्या पाळण्यांना साधारण साडेचार फुटांच्या आसपास उंची लागते. चौदा वर्षांची मुलगी त्यात सहज बसत होती. अकरा वर्षांचा मुलगा तीन बोटे कमी पडला. गेले सहा आठवडे तो त्या एकाच पाळण्याच्या चित्रफिती पाहत होता.

त्याला घरीच सांगायचे की तेथे गेल्यावर पाहू म्हणायचे, यावर दोन जावांत मतभेद झाला. थोरलीचे म्हणणे असे की आतापासून मुलाचा विरस का करायचा, तेथे दुसरे इतके असेल की तो विसरून जाईल. धाकटीचे म्हणणे असे की दारातल्या पट्टीजवळ, शंभर लोकांसमोर परत पाठवले गेले तर तो दिवसभर काहीच करणार नाही. शेवटी वडिलांनी त्याला सांगितले आणि ज्यांत तो बसू शकेल अशा पाळण्यांची यादी त्यालाच करायला लावली. तो एक दिवस रुसला. यादी मात्र त्याने इतकी बारकाईने केली की पुढे सगळे त्याच यादीवर चालले.

आजींचा प्रश्न वेगळा होता. “तुम्ही सगळे जा, मी आपली घरी बरी,” असे त्यांनी सुरुवातीलाच सांगितले होते आणि त्यांच्या दोन्ही मुलग्यांनी ते मान्यही केले होते. अशा वाक्याचा अर्थ शब्दशः घ्यायचा की नाही, हे घराघरांत वेगळे असते. धाकट्या सुनेने त्यांना येणार का हे न विचारता तिकडे काय पाहायला आवडेल हे विचारले. उत्तर लगेच आले : महडचा वरदविनायक. अष्टविनायकांपैकी हे स्थान खोपोलीजवळच आहे आणि आजींचे ते राहिले होते. ३१ च्या सकाळी दर्शन घेऊन परत निघायचे ठरले आणि आजी तयार झाल्या. उद्यानात त्यांच्यासाठी चाकांच्या खुर्चीची सोय होईल का, हे फोन करून विचारून ठेवले.

रांग टाळण्याच्या जादा दराच्या तिकिटांवर बराच वेळ गेला. हिशेब असा मांडला गेला : एखाद्या पाळण्यात एका खेपेला चोवीस जण बसतात आणि दर तीन मिनिटांनी खेप सुटते असे धरले तर तासाला चारशेऐंशी जण होतात. पुढे सहाशे जण उभे असतील तर सव्वा तास. दिवसभरात असे चार पाळणे केले तर पाच तास रांगेतच गेले. सर्वांसाठी जादा तिकिटे घेणे परवडणारे नव्हते आणि चार वर्षांच्या मुलाला व आजींना त्यांचा उपयोगही नव्हता. फक्त थोरली मुलगी आणि तिच्याबरोबर एक मोठे माणूस अशा दोघांसाठी घ्यावे, ही सूचना “एकीला वेगळे आणि बाकीच्यांना वेगळे कसे” या मुद्द्यावर नाकारली गेली. त्याऐवजी दार उघडण्याच्या पाऊण तास आधी पोहोचायचे आणि पहिल्या तासात मोठे पाळणे उरकायचे, हे ठरले.

थोरल्या भावाचे तिकीट सोडून आठ तिकिटे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात काढली. त्याचे आदल्या संध्याकाळी काढायचे. ते थोडे महाग पडले तरी वाया जाणाऱ्या तिकिटापेक्षा स्वस्तच, असा विचार होता.

सहलीचे तीन दिवस

२७ तारखेला थंडी वाढण्याचा अंदाज आला. २८ च्या सकाळी बागेतून फिरून आल्यावर थोरल्या भावाने धाकट्याला फोन केला : “बाग सोडून मला येता येणार नाही. तुम्ही पोरांना घेऊन जा.” कोणी आग्रह केला नाही. वाहन, खोल्या आणि तिकिटे यांपैकी काहीही बदलावे लागले नाही, एवढ्यासाठीच डिसेंबरभर जी व्यवस्था केली होती ती येथे कामी आली. आठ जण २९ ला सकाळी उशिरा नाशिकहून निघाले आणि उजेड असताना मुक्कामी पोहोचले.

त्या रात्री जेवताना आजींनी सहज सांगितले की उद्या आपला उपवास आहे. ३० डिसेंबरला पौष शुद्ध एकादशी आली होती. तक्त्यात शाळा, कारखाना आणि बाग यांच्या फुल्या होत्या. पंचांग कोणी पाहिले नव्हते. अशा उद्यानांत बाहेरचे खाद्यपदार्थ नेऊ देत नाहीत आणि आत उपवासाचे काय मिळेल याची खात्री नव्हती. स्वयंपाकघर हाताशी होते म्हणून थोरल्या सुनेने रात्रीच साबुदाणा भिजत घातला, सकाळी निघण्याआधी आजींना खिचडी दिली आणि राजगिऱ्याचे लाडू व केळी गाडीत ठेवली. आत त्यांनी फळे आणि दूध यांवर वेळ निभावली.

सकाळचा बेत नेमका जमला. दार उघडल्यावर थोरली सून आणि तिची मुलगी सरळ नायट्रोकडे गेल्या. खरे तर मुलीबरोबर काका जाणार होता, पण आदल्या रात्री आईनेच आपण जातो म्हणून सांगितले. पहिल्या तासात त्या दोघींचे दोन मोठे पाळणे झाले. दुसरी तुकडी अकरा वर्षांच्या मुलाच्या यादीप्रमाणे चालली. राजासॉरस या पाण्यातल्या खेळाच्या होडीतून भिजून तो सर्वांत आधी बाहेर आला आणि त्यानंतर नायट्रोचे नावही त्याने काढले नाही. आजी, धाकटी सून आणि चार वर्षांचा मुलगा लहान मुलांच्या खेळांच्या भागात राहिले. सर्वांनी पावणेबाराला, म्हणजे इतरांच्या आधी, जेवून घेतले. मुलांना पोटभर भूक नव्हती, पण तासाभराने खाद्यगृहांपुढच्या रांगा पाहिल्यावर त्याबद्दल कोणी कुरकुर केली नाही.

दुपारी एकनंतर चित्र पालटले. मोठ्या पाळण्यांच्या रांगा तासापलीकडे गेल्या. ठरल्याप्रमाणे या वेळेत बसून पाहायचे कार्यक्रम घेतले आणि चार वर्षांचा मुलगा आजींच्या शेजारी झोपला. अडचण तीननंतर आली. मुलगी आणि तिची आई एका रांगेत होत्या, मुलगा पुन्हा होडीकडे जायचे म्हणत होता, आठ वर्षांची मुलगी थकून रडकुंडीला आली होती आणि धाकट्या भावाचा फोन छायाचित्रे काढून काढून बंद पडला होता. भेटण्याची जागा ठरली होती, वेळ ठरली नव्हती. जवळपास पाऊण तास दोन तुकड्या एकमेकींना शोधत राहिल्या.

त्यानंतरचा प्रश्न निघण्याचा होता. सहाला निघाले तर वाहनतळावरची कोंडी टळते. थांबले तर संध्याकाळची मिरवणूक पाहायला मिळते. सर्वांनी मिळून एकच काही ठरवण्याऐवजी आजी आणि चार वर्षांचा मुलगा धाकट्या सुनेबरोबर गाडीत जाऊन बसले, बाकीचे थांबले. बाहेर पडायला वेळ लागला, पण ज्यांना तो सोसला नसता ते आडवे होऊन झोपले होते.

३१ ला पहाटे लवकर महडला दर्शन झाले. दुपारच्या जेवणाला सगळे नाशिकमध्ये होते, आणि चालकाला त्याचे पुढचे भाडे वेळेत गाठता आले.

निष्पत्ती

सहलीच्या खर्चात वाहन आणि मुक्काम मिळून तिकिटांपेक्षा जास्त झाले. आखणीच्या वेळी चर्चेचा बहुतेक वेळ तिकिटांवर गेला होता, हे येथे नोंदवले पाहिजे. कोणी आजारी पडले नाही. आजींना चाकांच्या खुर्चीचा मोठा उपयोग झाला. ती नसती तर त्या दोन तासांतच गाडीत परतल्या असत्या. अकरा वर्षांच्या मुलाचा दिवस चांगला गेला आणि चौदा वर्षांच्या मुलीचा मनाप्रमाणे अर्धा गेला. सकाळनंतर तिला एकच मोठा पाळणा मिळाला. थोरल्या भावाच्या बागेचे त्या थंडीत विशेष नुकसान झाले नाही. त्याने तेथे असण्यामुळे ते टळले की होणारच नव्हते, हे त्यालाही सांगता येत नाही.

वेगळे काय करता आले असते

नऊ जणांचा तक्ता भाऊबिजेलाच मांडता आला असता. त्यासाठी कोणतीही नवी माहिती लागत नव्हती. शाळांच्या सुट्ट्या, ब्लॉक क्लोजर आणि स्नेहसंमेलन या गोष्टी घरातल्या कोणाला ना कोणाला तेव्हा ठाऊक होत्या किंवा एका फोनवर कळल्या असत्या. तसे झाले असते तर हैदराबादचा पर्याय, आरक्षण खुले होण्याच्या दिवशी, खरोखर तपासता आला असता. तो निवडलाच असता असे नाही. थोरल्या भावाचे प्रश्नचिन्ह तेथे अधिक महागात पडले असते, कारण सुट्टीच्या दिवसांत रेल्वेचे तिकीट आदल्या संध्याकाळी मिळेल याचा भरवसा नसतो.

मोठ्या मुलीसाठी जादा दराचे तिकीट नाकारण्याचा निर्णय फेरविचाराला पात्र आहे. सर्वांना सारखे हे तत्त्व जेवणात आणि कपड्यांत ठीक चालते. येथे मात्र प्रत्येकाला मिळणारी गोष्टच वेगळी होती : आजींसाठी खुर्ची, लहानग्यासाठी झोप, मुलासाठी यादी. या सर्व वेगळ्या सोयी कोणालाही खटकल्या नाहीत. मुलीची सोय पैशांत मोजता येणारी होती म्हणून तीच तेवढी खटकली. आईलाही त्याचा लाभ झाला असता आणि तीननंतरचा गोंधळही बहुधा टळला असता, कारण त्याचे मूळ त्या दोघींच्या लांबलेल्या रांगेत होते.

भेटण्याच्या जागेबरोबर दर दोन तासांची वेळ ठरवणे, एक फोन केवळ बोलण्यासाठी राखून ठेवणे, भिंतीवरचे पंचांग तक्त्याशेजारी ठेवणे या बारीक गोष्टी आहेत आणि त्या कोणाच्याही पुढच्या वेळी लक्षात राहतील.

जानेवारीच्या पर्यायाबद्दल कुटुंबात अजून एकमत नाही. धाकट्या भावाच्या मते त्याच पैशांत जादा दराची तिकिटे बसली असती आणि दिवसही निवांत गेला असता. धाकट्या जावेच्या मते ब्लॉक क्लोजर नसताना रजा मंजूर होण्याची वाट पाहावी लागली असती आणि सहल मार्चपर्यंत ढकलली गेली असती. दोघांचेही म्हणणे त्यांच्या जागी बरोबर आहे. थोरला भाऊ येऊ शकणार असेल तर मात्र डिसेंबर आणि जानेवारी हे दोन्ही महिने गैरसोयीचेच आहेत. काढणी आटोपून एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की मे महिन्यात त्याला दोन दिवस काढता येतात. म्हणून पुढच्या सहलीची तारीख आधी त्याने सांगायची आणि मग बाकीच्यांनी फुल्या मारायच्या, असे ठरले आहे. ठिकाण म्हणून शिर्डीचा पर्याय थोरल्या जावेने पुन्हा पुढे केला आहे, आणि मे महिन्यात थंड पाण्याची हरकत उरत नसल्याने या वेळी त्याला विरोध झालेला नाही.